मॅग्नेशियमचं कव्हर, गरम तेल आणि ढिले पडणारे बोल्ट

भोसरीकर (सोमवार, रात्री १०:४०)

मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय. आज अडलोय म्हणून धागा काढतो.

भोसरीत आमचं छोटं मशीनशॉप आहे. ओतलेले पार्ट बाहेरून येतात, आम्ही मिलिंग, ड्रिलिंग, टॅपिंग आणि जुळणी करून देतो. आजवर सगळं काम अ‍ॅल्युमिनियमचं. सहा महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाइकाने गिअरबॉक्सचं कव्हर मॅग्नेशियममध्ये करायला घेतलं. कारण एकच, वजन. धातू एझेड९१डी, म्हणजे साधारण ९ टक्के अ‍ॅल्युमिनियम, १ टक्का जस्त, थोडं मँगेनीज, बाकी मॅग्नेशियम. प्रेशर डायकास्ट, म्हणजे वितळलेला धातू पोलादी साच्यात दाबाने भरून ओतलेलं. हातात घेतलं की प्लास्टिकचं वाटतं. आमच्या पोराने पहिल्या दिवशी वाजवून बघितलं होतं.

खाली अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग, वर हे कव्हर, मधे गॅस्केट. एम६ चे १२ स्टीलचे बोल्ट, ८.८ ग्रेडचे, १० न्यूटन-मीटरला आवळलेले. कव्हरच्या बॉसची, म्हणजे बोल्ट जातो त्या उंचवट्याची, उंची २० मिमी.

गिऱ्हाइकाने तेल १५० अंशांवर ठेवून १०० तास चालवलं. गार झाल्यावर कडेने तेल पाझरलेलं. बोल्ट ४ न्यूटन-मीटरला सुटले, दोन तर पान्याने हात लावताच फिरले. लगेच फोन, "तुमच्या पोरांनी टॉर्क मारलाच नाही." रेकॉर्ड आहे हो माझ्याकडे, एकेका बोल्टचा!

मटेरियल सर्टिफिकेट चोख आहे. टेन्साइल (तुटायचा ताण) २३४ एमपीए, यील्ड (कायमचा वाकायला लागतो तो ताण) १५८. आणि गंमत बघा, टेस्टनंतर कव्हरचा कडकपणा मोजला तर आधीपेक्षा किंचित जास्त आला. धातू मऊ पडला म्हणावं तर हे असं. कुठे चुकतंय?

नुसतावाचक (१०:५२)

रुमाल टाकून ठेवतो. मॅग्नेशियमशी माझा संबंध शाळेत फीत जाळली तेवढाच. सरांनी बघू नका सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी बघितलं.

गिअरपडला (११:०५)

थ्रेडलॉक (आट्यांना लावायचा गोंद) लावा, विषय संपला. माझ्या बाइकचे बोल्ट असेच सुटायचे.

भोसरीकर (११:१२)

लावून पाहिलं. काही फरक नाही. आणि बोल्ट आवळल्यावर आम्ही डोक्यावरून कव्हरवर रंगाची रेघ ओढतो. टेस्टनंतर बाराच्या बारा रेघा सरळ होत्या.

धातुवेडी (मंगळवार, सकाळी ७:२०)

भोसरीकर, उत्तर तुमच्या त्या रेघेतच आहे. बोल्ट फिरलाच नाही, मग थ्रेडलॉक काय करणार? बोल्ट जागच्या जागी राहिला आणि त्याच्या डोक्याखालचा धातू बसला.

मी अभियांत्रिकीच्या पोरांना धातुशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

मॅग्नेशियम ६५० अंशांना वितळतं. आपल्याला वाटतं १५० म्हणजे लांबची गोष्ट. पण धातू सेल्सिअसमध्ये विचार करत नाही. केल्विनमध्ये बघा: १५० अंश म्हणजे ४२३, वितळणं ९२३. म्हणजे तुमचं कव्हर वितळण्याच्या ४६ टक्क्यांवर चालतंय. लोखंडासाठी हाच आकडा २३ टक्के. साधारण ४० टक्क्यांच्या पुढे गेलं की धातूतले अणू जागा बदलायला लागतात आणि ताण कमी असला तरी तो हळूहळू वाहतो. हाच क्रीप.

आता तुमचं सर्टिफिकेट. ते २३४ खोलीच्या तापमानाचं आहे. याच मिश्रधातूचा १५० अंशांवरचा टेन्साइल १६०च्या आसपास येतो, यील्ड १०५च्या आसपास. म्हणजे तिसरा हिस्सा गेला. पण खरं सांगू का, तुमचं कव्हर या घसरणीने गेलेलं नाही. टेन्साइल टेस्ट काही मिनिटांत उरकते. तुमचा बोल्ट १०० तास दाबून बसला होता. दोन मिनिटं उभं राहणं आणि अख्खी रात्र उभं राहणं यातला फरक आहे हा. यील्डच्या निम्मा ताण असला तरी १५० अंशांवर एझेड९१ तासागणिक सरकत राहतं.

धातुवेडी (७:५१)

कडकपणाचं वेगळं लिहिते, कारण यात भलेभले फसतात.

डायकास्टिंगमध्ये धातू साच्यात क्षणात गोठतो. त्यामुळे मॅग्नेशियमच्या कणांत अ‍ॅल्युमिनियम गरजेपेक्षा जास्त कोंडलेलं राहतं. १५० अंशांवर त्याला बाहेर पडायची संधी मिळते. बाहेर पडून ते मॅग्नेशियमशी संयुग करतं, १७ अणू मॅग्नेशियमचे आणि १२ अ‍ॅल्युमिनियमचे. हे संयुग गार असताना कडक असतं, म्हणून तुमच्या यंत्राने आकडा वाढलेला दाखवला. पण तुम्ही मोजलंत गार झाल्यावर! हे संयुग स्वतःच ४६० अंशांच्या आसपास वितळतं. म्हणजे १५० वर ते स्वतःच्या वितळबिंदूच्या ५८ टक्क्यांवर असतं, मॅग्नेशियमपेक्षाही पुढे. १२० अंशांच्या पुढे त्याची पकड सुटायला लागते. शिवाय ते जमतं कुठे, तर कणांच्या सीमांवर. भिंतीच्या विटा शाबूत आणि सांध्यात लोणी भरलंय असं समजा.

आणि डायकास्टिंगचे कण बारीक. गार असताना बारीक कण म्हणजे जास्त ताकद, मॅग्नेशियममध्ये तर विशेषच. गरम असताना बारीक कण म्हणजे जास्त सांधे, म्हणजे जास्त लोणी.

गिअरपडला (८:३०)

ताई, एक शंका. अ‍ॅल्युमिनियम पण ६६०लाच वितळतं ना? मग तेही ४५ टक्क्यांवर आलं. त्याची कव्हरं तर वर्षानुवर्षं चालतात.

नुसतावाचक (८:३३)

गिअरपडला यांनी पहिल्यांदाच मुद्द्याचं विचारलं आहे. +१

धातुवेडी (दुपारी १:१०)

शंभर टक्के रास्त शंका. वर्गात कोणी विचारत नाही ही.

ती टक्केवारी फक्त धोक्याची पाटी आहे. पाटीच्या पुढे किती घसरायचं ते धातूच्या पोटात काय आहे त्यावर ठरतं. डायकास्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन भरपूर असतं. त्याची जाळी अ‍ॅल्युमिनियमच्या कणांना धरून बसते आणि ५७७ अंशांपर्यंत ती वितळायला लागत नाही. एझेड९१मध्ये धरून ठेवायचं काम ज्याच्यावर, तोच आधी मऊ पडतो. दोष मॅग्नेशियमपेक्षा जोडीदाराचा जास्त आहे. म्हणून पुढचा सगळा इतिहास जोडीदार बदलण्याचा आहे.

अवांतर: हेच मऊ पडणं पत्र्याच्या कामात वरदान ठरतं. मॅग्नेशियमचे स्फटिक षट्कोनी, गार असताना त्यांचे थर मुख्यतः एकाच पातळीवर घसरतात, म्हणून गार पत्रा वाकवला की तडकतो. २२५ अंशांच्या वर दुसऱ्या पातळ्या मोकळ्या होतात आणि तोच पत्रा मुकाट्याने वळतो.

इसारकाठी (संध्याकाळी ६:४५)

म्युनिकहून. इंजिनच्या जोडणीतच नोकरी आहे, त्यामुळे बोल्ट हा जिव्हाळ्याचा विषय. ताईंनी धातूचं सांगितलं, मी बोल्टच्या बाजूने आकडेमोड करतो. भोसरीकर, ही तशीच्या तशी गिऱ्हाइकासमोर ठेवा.

एम६, ८.८ ग्रेड, १० न्यूटन-मीटर म्हणजे बोल्टमध्ये साधारण १० किलोन्यूटन ताण. ढोबळमानाने १ टन. २० मिमी लांबीचा बोल्ट १ टनाने किती ताणला जातो? जेमतेम ४८ मायक्रॉन. केसापेक्षा कमी. तुमची सगळी पकड म्हणजे हे ४८ मायक्रॉन. डोक्याखालचा धातू २४ मायक्रॉन बसला की निम्मी पकड गेली, रेघ मात्र सरळच.

आता तापवा. स्टील दर अंशाला १२ आणि मॅग्नेशियम २६ भाग दशलक्षांश प्रसरण पावतं. २० पासून १५० अंशांपर्यंत, २० मिमीवर फरक येतो ३६ मायक्रॉन. कव्हर फुगतं, बोल्ट तेवढा वाढत नाही. म्हणजे धातू नेमका मऊ असताना त्याच्यावरचा दाब वाढतो! फुगायला जागा नाही, मग तो डोक्याखालून बाजूला सरकतो. गार झाल्यावर आकसतो, पण सरकलेला परत येत नाही. तिथे ढिला.

एक विचारतो, वॉशर आहे का? बोल्टचं डोकं कसलं?

भोसरीकर (७:०२)

साधं षट्कोनी डोकं. वॉशर नाही. ड्रॉइंगवर नाही म्हणून लावला नाही.

इसारकाठी (७:२०)

मग मिळालं. साध्या एम६च्या डोक्याची टेकणारी कड ८.९ मिमी व्यासाची, भोक ६.६. टेकणारं क्षेत्र २८ चौरस मिलिमीटर. त्यावर १ टन म्हणजे साडेतीनशे एमपीएच्या वर दाब. धातूचा यील्ड गार असताना १५८, गरम १०५! चहूबाजूंनी कोंडलेला धातू यील्डपेक्षा जास्त दाब सोसतो हे मान्य, पण इतका १०० तास नाही सोसणार. १२ मिमीचा जाड वॉशर टाकलात तर क्षेत्र ८० चौरस मिलिमीटर आणि दाब सव्वाशेच्या आसपास.

एखादं कव्हर काढून डोक्याखाली बोट फिरवून बघा. खळगा लागेल.

भोसरीकर (९:१५)

आत्ता शॉपवर जाऊन आलो. लागतोय! नखाला स्पष्ट लागतोय. डायल इंडिकेटर लावला तर बाराही ठिकाणी षट्कोनाच्या आतलं गोल वर्तुळ खाली गेलंय. सगळ्यात जास्त २८ मायक्रॉन, तेही तेल येतं त्या बाजूला. कडेला धातूची बारीक वरंबी उठलीये, चिखलात टाचेचा ठसा उठतो तशी.

सहा महिने कव्हर रोज हाताळतोय आणि डोक्याखाली बघायचं सुचलं नाही.

ओतारीकाका (९:५०)

वाचतोय गड्यांनो. कोल्हापुरात आयुष्य फौंड्रीत गेलं, त्यातली काही वर्षं मॅग्नेशियम ओतण्यात. तेव्हा भट्टीच्या तोंडावर गंधक भुरभुरायचो, धातूला हवा लागू नये म्हणून. शर्टाला महिनाभर वास. पुढं सल्फर हेक्झाफ्लोराइड आला, वास गेला. पण तो वायू हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या २० हजारपट तापवतो म्हणतात, आता त्याच्याही मागे लागलेत. मूस मात्र साध्या पोलादाची चालते. अ‍ॅल्युमिनियम पोलाद खातं, मॅग्नेशियम खात नाही.

सांगायचं ते हे. भोसरीकरा, उद्या कोण तरी शहाणा सांगेल की कव्हर टी६ करून घ्या, म्हणजे ४१३ अंशांवर १६ ते २४ तास, मग १६८ वर १६ तास. ते वाळूच्या साच्यातल्या कामाला. डायकास्टमध्ये हवा कोंडलेली असते, भट्टीत घातलंस की अंगावर पुरळ आल्यासारखे फोड येतात. आणि ४३७ ओलांडलंस की कणांच्या सांध्यात वितळायला लागतं. भट्टी घाईनं तापवून एक अख्खी खेप घालवलेली मी डोळ्यांनी बघितलीय. खेप माझी नव्हती, पण झाडू मीच मारला.

नुसतावाचक (१०:०५)

काका, पेट घेत नाही का हो? लेथवर, भट्टीत? ती फीत डोळ्यांसमोरून जात नाही.

ओतारीकाका (१०:२०)

भरीव तुकडा सहजी पेटत नाही, उष्णता अंगभर पसरवून टाकतो, वितळायला आला तर पेटतो. चुरा पेटतो. बारीक भुसा, बोथट टूल, एवढं पुरे. आणि पाणी मारायचं नाही. पाण्यातनं हायड्रोजन सुटतो आणि आग दुप्पट. कोरडी वाळू, नाहीतर धातूच्या आगीसाठीची पावडर. भोसरीकरा, भुशाचं पिंप झाकणाचं ठेवतोस ना? आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भुशात मिसळत नाहीस ना?

भोसरीकर (१०:२४)

वेगळं ठेवतो काका. झाकण... उद्यापासून.

गिअरपडला (१०:४०)

१९५५ला ल मांच्या शर्यतीत मर्सिडीज प्रेक्षकांत घुसली होती, तिची बॉडी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची होती. ८० पेक्षा जास्त माणसं गेली. आगीवर पाणी मारलं आणि ती आणखी भडकली. काका म्हणतात तेच.

आणि आपल्याकडे 'मॅग व्हील' म्हणून मिरवतात ती बहुतेक चाकं अ‍ॅल्युमिनियमची असतात, हे मला गेल्या वर्षी कळलं. कोणाला सांगू नका.

इसारकाठी (बुधवार, सकाळी ११:३०)

जोडीदार बदलण्याचा इतिहास ताईंनी अर्धा सोडला होता, मोह आवरत नाही.

फोक्सवागन बीटलचं हवेने गार होणारं इंजिन आठवतंय? त्याचा क्रँककेस, म्हणजे इंजिनचं मुख्य कवच, मॅग्नेशियमचा. गिअरबॉक्स धरून एका गाडीत २० किलोच्या आसपास मॅग्नेशियम. १९७१ साली त्या एका कंपनीने ४२ हजार टन मॅग्नेशियम वापरलं. पण जसजशी इंजिनची ताकद वाढवली तसतसा केस तापायला लागला आणि ताई म्हणतात तेच लोणी झालं. मग अ‍ॅल्युमिनियम कमी करून सिलिकॉन घातलेले एएस४१ आणि एएस२१ आले. मॅग्नेशियम-सिलिकॉनचं संयुग १०८५ अंशांना वितळतं, त्यामुळे सांध्यात लोण्याऐवजी खडी. तरी जुन्या बीटलवाल्यांना विचारा, हेडचे स्टड केसमधून उपटून येणं हे त्यांचं ठरलेलं दुखणं. त्यावर स्टीलच्या आट्यांच्या बुशिंगा बसवतात. पाण्याने गार होणारी इंजिनं आली आणि तो सगळा खप बसला.

दुसरी गोष्ट आमच्या गावची. २००४ साली बीएमडब्ल्यूने सहा सिलिंडरचं एन५२ इंजिन आणलं. त्याच्या क्रँककेसची युक्ती मला फार आवडते. आत अ‍ॅल्युमिनियमचा गाभा, सिलिंडर आणि पाण्याचे मार्ग त्यातच, कारण कूलंट आणि मॅग्नेशियम यांचं पटत नाही. त्याभोवती मॅग्नेशियम ओतलेलं. आणि ते एझेड९१ नव्हे, एजे६२: ६ टक्के अ‍ॅल्युमिनियम, २ टक्के स्ट्रॉन्शियम. स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनियमला स्वतःशी बांधून घेतं, मॅग्नेशियमच्या वाटेला जाऊच देत नाही.

पण भोसरीकर, तुमच्या कामाची गोष्ट पुढेच आहे. त्या इंजिनला मॅग्नेशियममध्ये जाणारे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. अ‍ॅल्युमिनियम २३, मॅग्नेशियम २६. तुमचे ते प्रसरणाच्या फरकाचे ३६ मायक्रॉन तिथे ८ होतात. शिवाय अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा तिप्पट लवचीक. त्याच ओझ्याला बोल्ट तिप्पट ताणला जातो, त्यामुळे २० मायक्रॉन बसले तरी पकडीचा छोटा हिस्साच जातो. गंजाचा प्रश्नही कमी. अट एक: बोल्ट एकदा काढला की फेकायचा, परत वापरायचा नाही. ज्यांनी तो नियम पाळला नाही त्यांचे तुटलेले बोल्ट काढून काढून इथल्या गॅरेजवाल्यांची घरं चालली असतील.

पुढच्या टर्बो इंजिनात, एन५४मध्ये, त्यांनी पुन्हा अख्खा अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक घेतला. दाब आणि उष्णता दोन्ही वाढल्यावर मॅग्नेशियमची तिथे डाळ शिजली नाही, असं मी समजतो.

धातुवेडी (दुपारी २:०५)

छान लिहिलंत. दोन ओळींची भर: याच्या वर जायचं असेल तर अ‍ॅल्युमिनियम पूर्ण सोडून यट्रियम आणि निओडिमियम. डब्ल्यूई४३ हे त्याचं नाव. हेलिकॉप्टरच्या गिअरबॉक्समध्ये जातं, २५० अंशांपर्यंत टिकतं. त्याआधी थोरियमचे मिश्रधातू होते, ३५० अंशांपर्यंत जायचे, पण किरणोत्सर्गी म्हणून बंद झाले.

ओतारीकाका (२:४०)

थोरियम ओतणं बरं आपल्या वाट्याला आलं नाही. गंधकावर भागलं.

भोसरीकर (शनिवार, रात्री ११:१०)

खबरबात. गुरुवारी गिऱ्हाइकाकडे जाऊन आलो. खळगा पडलेलं कव्हर, डायल इंडिकेटर आणि इसारकाठींचं गणित एका कागदावर. डिझाइनवाला तरुण होता, आधी म्हणाला, "टेबलात १५० अंशांना यील्ड १०५ आहे, आमचा ताण ४० आहे, अडीचपट फॅक्टर आहे." मी विचारलं, ते ४० कव्हरच्या पोटातलं की बोल्टच्या डोक्याखालचं? तो कागदाकडे बघत राहिला. मग स्वतःच कॅल्क्युलेटर काढला. पोरगा चांगला आहे, पुन्हा टॉर्कचं नाव काढलं नाही.

ठरलं ते असं. ड्रॉइंगवर १२ मिमीचे जाड अ‍ॅल्युमिनियमचे वॉशर आले. सहा कव्हरं स्टीलच्या बोल्टने आणि सहा अ‍ॅल्युमिनियमच्या बोल्टने पुन्हा १०० तास चढवलीत. अ‍ॅल्युमिनियमच्या बोल्टला टॉर्क कमी ठेवावा लागतो, तो इसारकाठींना विचारून ठरवला. दोन्हींत तेल आलं नाही तर ठीक, नाहीतर धातू बदलून एई४४ (उष्णता जास्त सोसणारा, रेअर अर्थ घातलेला मॅग्नेशियमचा मिश्रधातू) किंवा सरळ अ‍ॅल्युमिनियम. खरेदीवाल्याने एई४४चा भाव ऐकून पाणी मागितलं.

गिअरपडला (११:१८)

निकाल नक्की टाका. अर्धवट सोडलेले धागे बघितले की जीव जातो.

भोसरीकर (पुढचा शनिवार, रात्री ९:३०)

टाकतो. स्टीलचा बोल्ट अधिक वॉशर: १० वरून ७ ते साडेसातपर्यंत आले, एका कव्हरला गॅस्केटपाशी ओलावा. अ‍ॅल्युमिनियमचा बोल्ट अधिक वॉशर: सहाही कोरडी, आणि सुटताना जेवढ्याने आवळले त्याच्या जवळपास. गिऱ्हाइकाने अ‍ॅल्युमिनियमचे बोल्ट मान्य केले, पण तेलाचं तापमान १३०च्या वर जाणार नाही अशी ओळ आता त्यांनीच त्यांच्या बाजूने लिहून दिली.

ताई, इसारकाठी, काका, सगळ्यांना एकेक मिसळ माझ्याकडून. काका, एक राहिलं. खळगे पडलेली ४० कव्हरं पडून आहेत. त्यांचं काय करू?

ओतारीकाका (१०:०५)

ओळखीच्या फौंड्रीचा पत्ता निरोपात देतो, पाठव. पण आधी तेल पुसून, गॅस्केट खरवडून. आणि ट्रकात ताडपत्री नीट बांध. वाटेत पावसाचं पाणी खोबणीत साचलेलं कव्हर तसंच मुशीत गेलं तर पाण्याची वाफ आणि हायड्रोजन होऊन सगळा धातू छताला उडतो. आम्ही तर प्रत्येक तुकडा आधी भट्टीच्या कडेला दीडशे अंशांवर शेकून घ्यायचो.

नुसतावाचक (१०:११)

म्हणजे शेवटी पुन्हा दीडशे अंशच.

भोसरीकर (१०:१४)

आणि यावेळी बोल्ट काढून.